लंगोट खुंटीला टांगला की टांगला

तीन वर्षांपूर्वी चैत्रात शेजारच्या गावच्या यात्रेला मैदान होतं, तिथली एक कुस्ती माझ्या डोक्यातनं अजून जात नाही म्हणून हे लिहायला बसलोय. त्या पैलवानाचं नाव आणि गावाचं नाव मी लिहिणार नाही, आपल्या पलूस-तासगाव भागातल्यांना कदाचित कळेल पण, कळलं तरी कॉमेंटमध्ये टाकू नका. मोठा माणूस होता, आम्ही शाळेत असताना त्याच्या कुस्त्या बघायला सायकलवरनं जायचो, ढाक असा मारायचा की समोरच्याला कळायच्या आत अस्मान. गुडघा गेला तेव्हा त्यानं थांबायचं ठरवलं आणि ह्याच मैदानावर त्याचा सत्कार झाला, फेटा, शाल, चांदीची गदा, सगळं. माईकवरच्या माणसाचा आवाज भरून आला होता, पैलवानानं लाल माती उचलून कपाळाला लावली, मी समोर होतो आणि माझ्यासकट निम्मं मैदान डोळे पुसत होतं.

आणि त्यानंतर तीनच यात्रा गेल्या असतील, फ्लेक्सवर परत तेच तोंड, खाली लिहिलेलं 'खास आकर्षण'.

समोर बावीस-तेवीसचं पोरगं होतं, तालमीतलं, दोन वर्षं खुराकाला घरची म्हैस विकलेली. सलामी झाली, खडाखडी सुरू झाली आणि पहिल्या मिनिटातच कळलं. जुन्या पैलवानाच्या नी-कॅपच्या वर मांडीचं कातडं सैल पडलेलं, प्रत्येक वेळी खाली वाकून उठताना हात गुडघ्यावर टेकवत होता, आणि मातीत पाय रोवताना अंगठा नुसता सरकत होता. पोरानं दोन वेळा पट काढला. दोन्ही वेळा पाय पूर्ण हातात आला होता, आणि दोन्ही वेळा त्यानं सोडून दिला. मी अगदी कडेला बसलो होतो, त्याची बोटं उघडताना बघितली. आधी शिट्ट्या होत्या, मग बोलायचे आवाज आले, मग कुणीच काय बोलेना, हलगीवाला पण ढिला पडला. शेवटी मागनं कोणतरी ओरडलं, "सोडवा की ओ आता." बरोबरीत सोडवली. त्या पोराला संध्याकाळी उसाच्या रसाच्या गाड्यावर गाठून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "दादा, आधीच सांगितलं होतं, मान राख म्हणून."

घरी आल्यावर आमच्या आबांना सगळं सांगितलं. आबा जवानीत स्वतः पैलवान, कान मोडलेले, आता थकलेत. ऐकून घेतलं आणि एवढंच बोलले, "मग त्येनं सत्काराला घेतलेली गदा परत दिली का?"

मला वाटतं सगळा विषय ह्या एका वाक्यात आहे. निरोप घेणं म्हणजे नुसतं थांबणं नाही, तो एक मान असतो जो पब्लिक तुम्हाला ह्या अटीवर देतं की आता तुम्ही जाताय. ती अट मोडायची असेल तर मान पण परत करायला पाहिजे, आणि तो तर परत करता येत नाही, कारण लोकांनी ढाळलेली आसवं परत घेता येत नाहीत. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे, दुखापतीनं बाहेर बसलेला पैलवान बरा होऊन परत आला तर त्याचं स्वागत करा, पण वाजतगाजत निरोप घेतलेल्यानं परत उतरू नये, मातीत पण नाही आणि रिंगमध्ये पण नाही.

रिंगचं नाव काढलं कारण ह्या गोष्टीचे सगळ्यात मोठे नमुने तिकडंच आहेत. आमची पिढी दोन्हीकडं वाढली, दुपारी तालमीच्या दारात आणि रात्री टेन स्पोर्ट्सवर डब्ल्यूडब्ल्यूई ह्या अमेरिकन कंपनीच्या कुस्त्या, खिशात त्याच पैलवानांची ट्रम्प कार्ड. २००६ साली खलीनं अंडरटेकरला हरवलं तेव्हा आमच्या गल्लीत दोन पार्ट्या पडल्या होत्या. आबा आमच्याबरोबर बसून बघायचे आणि म्हणायचे, "ही नुरा हाय पोरांनो." आम्हाला राग यायचा. आज कळतं की ते अर्धं बरोबर होते. नुरा कुस्तीत फसवणूक असते, लोकांना खरी म्हणून खोटी दाखवतात. डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये निकाल ठरलेला असतो हे आता शेंबड्या पोराला पण माहिती आहे, कुणी कुणाला फसवत नाही. मग त्यात खरं काय उरतं? पडणं खरं असतं, मणके खरे मोडतात, आणि दुसरी खरी गोष्ट म्हणजे निरोप. जिंकणं-हरणं लिहून दिलेलं असलं तरी तीस-पस्तीस वर्षं अंग आपटून घेतलेला माणूस रिंगच्या मधोमध उभा राहून रडतो तेव्हा ते रडणं कुणी लिहून दिलेलं नसतं. म्हणून जे म्हणतात की सगळं ठरलेलंच आहे तर लेगसी कसली, त्यांना मी उलटं सांगेन, सगळं ठरलेलं असतं म्हणूनच ही एक गोष्ट खरी राहिली पाहिजे होती.

तिकडच्या जुन्या मोठ्या पैलवानाचं, रिक फ्लेअरचं घ्या. ३० मार्च २००८, ऑर्लँडो, रेसलमेनिया २४, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्षातला सगळ्यात मोठा शो. फ्लेअर ५९ वर्षांचा, गोष्ट अशी रचलेली की जी मॅच हरेल ती शेवटची. समोर शॉन मायकल्स, जो लहानपणापासून फ्लेअरला देव मानत आलेला. शेवटी फ्लेअर कसाबसा उभा राहतो, मुठी वर करतो, डोळ्यात पाणी, ये म्हणतो, आणि मायकल्स कोपऱ्यात उभा राहून ओठातल्या ओठात म्हणतो की माफ कर, माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि मग लाथ मारतो. मी ती मॅच किमान वीस वेळा बघितली असेल. दुसऱ्या दिवशी रॉ ह्या त्यांच्या दर आठवड्याच्या शोमध्ये सगळे पैलवान बाहेर आले, घरचे आले, जुने साथीदार आले, ह्यापेक्षा मोठा निरोप त्या धंद्यात कुणाला मिळाला असेल असं मला वाटत नाही.

पुढच्याच वर्षी तो हल्क होगनबरोबर ऑस्ट्रेलियात कुस्ती खेळत होता. २०१० ला दुसऱ्या कंपनीत गेला आणि तिथं परत मॅचेस चालू, परत रक्त. आणि मग ३१ जुलै २०२२, नॅशव्हिल, वय ७३, जावई आंद्रादेला जोडीला घेऊन 'शेवटची मॅच'. पाच वर्षं आधी २०१७ ला हा माणूस हॉस्पिटलमध्ये कोमात होता, मरता मरता वाचलेला. त्या मॅचमध्ये कपाळ रक्तानं भरलेलं, छातीचं कातडं लोंबलेलं, हालचाल अशी की प्रत्येक वेळी खाली पडला की वाटायचं आता हा उठतोय का नाही, आणि नंतर त्यानंच सांगितलं की मॅचच्या मधे आपली शुद्ध गेली होती. मी ती मॅच पूर्ण बघितली नाही, बघवली नाही.

आता ह्यात नुकसान कुणाचं झालं? लोक म्हणतात त्याचं आयुष्य, त्याचं शरीर, तुम्हाला काय करायचंय. इथं मला थोडं थांबून बोलायचंय कारण खरा मुद्दा इथंच चुकतो. त्या २००८ च्या मॅचमध्ये शॉन मायकल्सचा पण वाटा होता. ज्यानं फ्लेअरला थांबवलं तो माणूस, हे त्याच्या नावावर लागलं होतं. आपल्याकडं म्हातारा होत आलेला पैलवान शेवटची कुस्ती तरण्या पोराला पाठ लावून देतो तेव्हा ते पोरगं आयुष्यभर सांगतं की मी अमक्याला शेवटची पाठ लावली. ती त्या पोराची कमाई असते. म्हातारा परत उतरला की ती कमाई गेली, 'शेवटची' हा शब्दच खोटा झाला. म्हणजे तुम्ही स्वतःच्या खिशातलं नाही, दुसऱ्याच्या खिशातलं खर्च करताय.

रोमन रेन्सच्या बाबतीत तर हे डोळ्यांसमोर झालं. २ एप्रिल २०१७, रेसलमेनिया ३३, अंडरटेकर हरला, सगळे गेल्यावर एकटा रिंगमध्ये उभा राहिला, हातमोजे काढून खाली ठेवले, कोट काढून ठेवला, वर हॅट ठेवली. एक शब्द बोलला नाही. मी आणि माझा चुलतभाऊ सकाळी बघत होतो, चहा गार झाला. दुसऱ्या रात्री रोमन रॉमध्ये आला तेव्हा पब्लिकनं त्याला कितीतरी मिनिटं तोंड उघडू दिलं नाही, एवढ्या शिव्या, आणि तो नुसता उभा राहिला. अंडरटेकरला घरी पाठवणारा, ह्या एका गोष्टीवर त्या पोराचं पुढचं सगळं करिअर उभं राहणार होतं. आणि एका वर्षात अंडरटेकर परत, जॉन सीनाबरोबर तीन मिनिटांच्या आतली मॅच. मग रोमननं नक्की काय केलं होतं? कुणाला घरी पाठवलं होतं?

पुढचं तर आणखी वाईट. नोव्हेंबर २०१८ ला सौदीत रियाधला अंडरटेकर आणि केन विरुद्ध ट्रिपल एच आणि शॉन मायकल्स. चौघं पन्नाशीच्या आसपासचे, केन तर तोपर्यंत अमेरिकेत एका काउंटीचा मेयर झालेला. ह्यात मला सगळ्यात जास्त दुःख मायकल्सचं आहे. २०१० ला अंडरटेकरकडनं हरून तो गेला होता आणि पुढची आठ वर्षं, सगळे विचारत असताना, पैसे समोर असताना, त्यानं शब्द पाळला होता. त्या धंद्यात शब्द पाळणारा एक माणूस म्हणून आम्ही त्याचं नाव घ्यायचो. ट्रिपल एचचा छातीचा स्नायू सुरुवातीलाच फाटला, केनचा मुखवटा निघाला, आणि मायकल्सनं वरच्या दोरीवरनं बाहेर उलटी उडी मारली तर खालचे दोघं त्याला नीट झेलू शकले नाहीत, तो तोंडावर आपटला. २०१० चा तो निरोप एका रात्रीत गेला. त्यानंतर मायकल्स परत उतरला नाही ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट.

७ जून २०१९, जेद्दाह. अंडरटेकर ५४, गोल्डबर्ग ५२. रात्रभर जागून मोबाईलवर बघितली. गोल्डबर्गचं डोकं कोपऱ्यातल्या खांबाला आपटलं, कपाळ फुटलं, तिथनं पुढं त्याला काही सुधरत नव्हतं. त्यानं अंडरटेकरला उलटं उचललं आणि ताकद सुटली, अंडरटेकर जवळजवळ डोक्यावर खाली आला. दोन इंच इकडंतिकडं झालं असतं तर मान गेली असती. भाऊ मोबाईल पालथा ठेवून म्हणाला, बंद कर. लहानपणी ज्याची घंटा वाजली की आम्ही पांघरुणात तोंड घालायचो त्या माणसाची भीती वाटत होती ती आता वेगळ्याच कारणानं वाटत होती.

हे का होतं ते अंडरटेकरकडं बघूनच कळतं. त्याच्यावर नंतर जी डॉक्युमेंटरी मालिका आली त्यात तो स्वतः कबूल करतो की शेवट मनासारखा होत नव्हता म्हणून परत परत येत राहिलो. म्हणजे एक मॅच वाईट झाली की तो डाग धुवायला दुसरी, ती आणखी वाईट झाली की तिसरी. पत्त्यात हरलेला माणूस जसा उठत नाही, आता एकच डाव म्हणतो, तसं. २०२० ला एजे स्टाइल्सबरोबरची ती स्मशानातली मॅच सिनेमासारखी शूट केली, तिथं त्याला हवा तो शेवट मिळाला आणि तो थांबला. पण शरीरानं साथ सोडलेल्या माणसाला कॅमेऱ्यानं वाचवलं हे पण तितकंच खरं. जुना अमेरिकन पैलवान टेरी फंक १९८३ ला जपानमध्ये रडून निवृत्त झाला आणि पुढच्या वर्षी परत, नंतर किती वेळा त्याची गणती नाही. म्हणजे हा रोग आजचा नाही.

पोटाचा प्रश्न असतो हे मी मान्य करतो, आणि हा मुद्दा हलका नाही. तिकडचे पैलवान कागदावर कंपनीचे नोकर पण नसतात, कंत्राटदार धरतात त्यांना, पेन्शन नाही. ज्यानं विसाव्या वर्षापासून दुसरं काहीच केलं नाही त्यानं पन्नाशीत करायचं काय? आपल्याकडं सुद्धा गदा मिळालेली माणसं म्हातारपणी कशी जगतात ते सांगली-साताऱ्यात कुणाला वेगळं सांगायला नको, मानधन मिळतं त्यात औषधं भागत नाहीत. भुकेपायी उतरलेल्या पैलवानाला मी एक शब्द बोलणार नाही, त्याची लाज त्याला नाही, आपल्याला वाटली पाहिजे. पण गोल्डबर्ग काय उपाशी होता? अंडरटेकर उपाशी होता? डब्ल्यूडब्ल्यूईचा सौदीबरोबर २०१८ मध्ये दहा वर्षांचा करार झाला, तिथल्या मोठ्या शोला जुनी नावं लागत होती, म्हणून उतरवले. आणि किंमत कुणी दिली? २०२० च्या फेब्रुवारीत ५३ वर्षांच्या गोल्डबर्गनं रियाधमध्ये ब्रे वायटला तीन-एक मिनिटात हरवून चॅम्पियनचा पट्टा घेतला. ब्रे वायटनं ते 'फीन्ड'चं सोंग कसं स्वतः घडवलं होतं, पोरं खरोखर घाबरायची त्याला, कितीतरी वर्षांनी असं काहीतरी नवीन उभं राहिलं होतं. ते तीन मिनिटात मोडलं. ऑगस्ट २०२३ ला वायट गेला, वय ३६. मला ती मॅच आठवली की अजून राग येतो.

स्टिंगचं उदाहरण मला कायम द्यावं लागतं कारण लोक म्हणतात मग म्हातारपणी परत उतरलेला स्टिंग तुला का चालला. स्टिंगला २०१५ ला मान दुखावली म्हणून बसावं लागलं होतं, २०१६ ला त्यानं निवृत्ती सांगितली ती पण त्या दुखापतीनंतरच, निरोपाची मॅच झालीच नव्हती. २०२० च्या शेवटी दुसऱ्या कंपनीत आला तो डार्बी ॲलिन नावाच्या पोराच्या बाजूला उभा राहायला. कायम जोडीनं, कायम पोराला पुढं करून, आणि ३ मार्च २०२४ ला जवळजवळ ६५ व्या वर्षी त्याच पोराबरोबर शेवटची मॅच खेळून गेला. एज नावाच्या पैलवानाला २०११ ला मानेच्या आजारामुळं डॉक्टरनं थांबवलं, नऊ वर्षांनी आला तेव्हा मी घरात उड्या मारल्या. ह्यांचं येणं म्हणजे अर्ध्यात सुटलेली कुस्ती पूर्ण करणं. फरक आहे, आणि तो वयाचा नाही.

आपल्या मातीत ह्यावर उत्तर जुनं आहे. पैलवान थांबला की त्याला बसायला जागा असते. पुनवतचे गणपतराव आंदळकर, १९६० चे हिंदकेसरी, टोकियो ऑलिंपिक खेळलेले, थांबले ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद झाले आणि किती पोरं घडवली. मैदानात फेटा बांधून बसलेला वस्ताद एक जोड नुसती हात करून लावतो आणि हजारो लोक गप्प बसतात, तो मान कुस्ती मारणाऱ्याला पण मिळत नाही. आणि हे पण लक्षात घ्या की आपला पैलवान कधी एकट्याचा नव्हताच. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकरांनी घर गहाण टाकलं, आणि ब्राँझ घेऊन आले तेव्हा कराडला शंभरावर बैलगाड्या निघाल्या. ज्याला गावानं वर्गणीनं घडवलं त्याचा निरोप पण गावाचा असतो, तो त्याला एकट्याला मोडता येत नाही. तिकडं तिकीट काढून तीस वर्षं बघणाऱ्यांचं पण हेच आहे. शॉन मायकल्स आज एनएक्सटीमध्ये, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईच्या नव्या पोरांच्या शोमध्ये, पोरं घडवतोय, म्हणजे वस्तादच झाला की तो, आणि मला तो २०१८ च्या रिंगपेक्षा तिथं कितीतरी मोठा वाटतो.

जॉन सीनानं हे सगळ्यात नीट केलं. दीड वर्ष आधी सांगितलं, २०२५ हे शेवटचं वर्ष, आणि १३ डिसेंबरला वॉशिंग्टनमध्ये गुंथरच्या पकडीत हात आपटून हरला, ज्या माणसानं वीस वर्षांत हात आपटला नव्हता. पब्लिक चिडलं, पण मला तेच बरोबर वाटलं. देऊन गेला. आता त्याला कुणी बोलवू नये, आणि बोलवलं तर आपण बघू नये, कारण शेवटी आपण बघतो म्हणूनच बोलवतात. फ्लेअरच्या त्या मॅचची तिकिटं कुणीतरी घेतलीच होती, आणि त्या दिवशी मैदानावर फ्लेक्स बघून मी पण गेलोच होतो.

यंदाच्या यात्रेची मीटिंग पाडव्याच्या आधी आमच्या मारुतीच्या देवळात आहे. तिथं मी बोलणार आहे की एकदा ज्याचा सत्कार केला त्याचं नाव जोडीत लावायचं नाही, पंच म्हणून लावा, पहिला फेटा त्याला बांधा, मानधन कुस्तीएवढंच द्या, कमी नको. कमिटीतली पोरं म्हणतील गर्दी होणार नाही. नाही झाली तर नाही. शेजारच्या गावच्या त्या पोराची जोड एक नंबरला लावा, समोर त्याच्या तोडीचा आणा, आणि त्याला आधी काही सांगू नका.